एक मीटरच्या गल्ल्या

सिसिलीत समुद्राकाठच्या एका प्राचीन ग्रीक वसाहतीवर मी दोन हंगाम काम केलं. काम म्हणजे चालणं. चुंबकमापक नावाचं यंत्र पुढ्यात धरायचं, ताणलेल्या दोरीच्या कडेनं जायचं, एक मीटर सरकायचं आणि परत यायचं. जमिनीखालच्या भिंती, भट्ट्या, बुजलेले खड्डे यांचं चुंबकत्व भोवतालच्या मातीपेक्षा जरा वेगळं असतं. यंत्र ते टिपतं आणि संगणकावर काळ्या-पांढऱ्या छटांचा नकाशा उमटतो. कुदळ न लावता तिथं आम्हाला अख्खे रस्ते दिसले होते. मी परत आले ती डोक्यात हवा भरूनच. रहिमतपूरच्या घरी आईनं आमटीत मीठ कमी आहे का विचारलं, तरी मी सिसिलीपासून सुरुवात करायचे.

साताऱ्याच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि मला कुंडलची पांढर आठवली. जुनी वस्ती मोडून झालेल्या पांढुरक्या मातीच्या उंचवट्याला आमच्याकडे पांढर म्हणतात. ही मामांच्या रानातच होती आणि ऊस नुकताच तुटून गेला होता. ओळखीतून आठवडाभरासाठी यंत्र मागून आणलं.

मामा फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांना मी पहिल्याच सकाळी नियम ऐकवले, "अंगावर लोखंड चालणार नाही. कणभरसुद्धा."

मामांनी पट्टा काढला आणि दिवसभर एका हातानं पॅन्ट धरून दोऱ्या ताणल्या. मामीच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मी झाडाखाली ठेवायला लावला. बांधावर मोटारसायकल घेऊन आलेल्या शेजाऱ्याला तर पार रस्त्यापर्यंत हाकललं.

"फौजेत बी येवढी झडती न्हवती," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर लॅपटॉप उघडला. पांढरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, समांतर पट्टे. एक काळा, एक पांढरा. सिसिलीसारखी आखीव वसाहत! घरांच्या रांगा, मधून गल्ल्या. मी उभी राहून व्याख्यानच ठोकलं.

"केवढी रुंद गल्ली?" मामीनं विचारलं.

"एक मीटर."

"मंग म्हस कुटनं जायाची?"

हा प्रश्न मला पडला नव्हता. मी हसून सोडून दिला आणि नकाशा सिसिलीत मला हे काम शिकवणाऱ्या बाईंना पाठवला. तोवर मामांनी निम्म्या गावाला फोन केले होते.

बाईंचं उत्तर सकाळी आलं. अभिनंदन नाही, काही नाही. एवढंच, "तू कोणत्या दिशेनं चालत होतीस? आता आडवी चालून बघ."

राग आला. तरी आडवी चालले, तेही गावातली पंधरा-वीस माणसं बांधावर बसलेली असताना. नवा नकाशा उघडला, तर गल्ल्याही आडव्या झालेल्या. मामा वाकून बघू लागले.

"आगं, कालच्याला गाव असं हुतं. आज असं कसं फिरलं?"

गाव फिरलं नव्हतं. मी चालत होते तसे पट्टे पडत होते. म्हणजे खोट माझ्याच अंगावर होती. खिसे उलटे केले, चपला झटकल्या. मामी जवळ आली आणि माझ्या खांद्यावरची ओढणी उचलून म्हणाली, "आगं बया, ह्या पिना कशाच्या? चांदीच्या हायत व्हय?"

दोन्ही खांद्यांवर एकेक सेफ्टी पिन. सिसिलीत मी टी-शर्टवर राबायचे. कुंडलला मामांच्या दारात ओढणी घेतली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून रोज सकाळी हातासरशी टाचत आले. वळले की पिनाही माझ्याबरोबर वळायच्या आणि यंत्र इमानानं त्यांची नोंद करायचं, जाताना काळी, येताना पांढरी.

बांधावरच्या लोकांना सांगणं मात्र भाग होतं. "शहर नाही. माझ्या पिना होत्या," मी म्हणाले. मग मोटारसायकलवाला शेजारी इतका हसला, की त्याला ठसका लागला. मामांनी त्याला पाणी दिलं, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ओढणी घरी ठेवून पुढचे तीन दिवस सगळं पुन्हा चालले. या वेळी गल्ली एकही नाही. पूर्वेच्या कडेला तेवढा एक गोल, ठळक डाग.

"ह्ये काय?" मामांनी विचारलं.

"भट्टी असावी. कुंभाराची वगैरे. नक्की नाही सांगता येत."

"मंग तसंच लिही. नक्की न्हाई म्हनून."

बाईंना तसंच लिहिलं. बाईंचं या वेळचं उत्तर लांबलचक होतं आणि त्यात शंकाच शंका होत्या. त्या वाचून मला बरं वाटलं, या वेळी शंका घेण्याजोगं काहीतरी होतं. नांगरटीला ट्रॅक्टर आला, तेव्हा मामा स्वतः पुढे चालत गेले आणि पूर्वेकडची तेवढी जागा सोडायला लावून आले.