चौदा पानांचा तालुका

गुरुप्रसाद खांबेट्यांना जग सरासरीतून दिसायचं. मूळचे नाशिकचे. कतारमध्ये सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम इमानेइतबारे केलं: वायूच्या कारखान्यातला कुठला पंप किती तासांनी बंद पडतो हे टिपून ठेवायचं आणि पुढचा कधी पडेल ते आधीच सांगायचं. पंप त्यांचं ऐकत. घरात मात्र कोणी ऐकेना. रस्ता ओलांडताना ते अपघातांची टक्केवारी सांगायला लागले की बायको, सरोज, त्यांना तिथेच सोडून पलीकडे पोचलेली असायची.

एकुलती एक लेक ईरा दोह्यात वाढली, अमेरिकेत डॉक्टर झाली आणि गेल्या वर्षी नोकरीला गेली ती लोन एल्म काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. विस्तारानं तालुका, वस्तीनं मात्र एखादं गाव. त्या काउंटीच्या कचेरीनं तिथल्या जगण्याचा चौदा पानी आकडेवार अहवाल काढलेला होता. खांबेट्यांनी तो इंटरनेटवरून उतरवला, ऑफिसात छापला, आणि तेव्हापासून तो त्यांच्या बॅगेतच मुक्कामाला आला. लोकसंख्या दोन हजार एकशे त्रेचाळीस. मोठं इस्पितळ ब्याण्णव मैलांवर. डॉक्टर एक. अॅम्ब्युलन्स यायला सरासरी एक्केचाळीस मिनिटं. आशियाई रहिवासी शून्य, कारण अहवाल ईरा तिथे जायच्या आधीचा. त्या शून्यावर त्यांचं बोट दरवेळी थांबायचं.

दर शनिवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, ते फोनवर तिला त्यातलं काहीबाही वाचून दाखवायचे. चौथं पान, रस्त्यावरच्या मृत्यूंचं, तर त्यांनी तीनदा वाचलं होतं. बर्फात एकट्यानं चालवलेल्या गाड्या, वगैरे वगैरे. जेवलीस का, झोपलीस का, हे विचारणं सरोजचं खातं. खांबेट्यांचा जीव लेकीत अडकलेला होता, पण तोंड उघडलं की बाहेर आकडाच पडायचा. त्याला ते तरी काय करणार!

जानेवारीतल्या त्या शनिवारी त्यांनी सातवं पान काढलं. “एकट्या माणसांची घरं, शंभरात चौतीस. त्यातली जी माणसं घरातच पडतात, त्यांचा पत्ता लागायला सरासरी—”

“बाबा, इनफ!” ईरा म्हणाली. “माझे पेशंट थांबलेत. तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं. तुम्हाला फक्त तो रिपोर्ट वाचायचा असतो.”

फोन कट झाला. खांबेट्यांनी अहवाल मिटून बॅगेत ठेवला.

रविवारी तिचा फोन लागला नाही. दुपारी बातम्यांत आलं की त्या पट्ट्यात मोठं हिमवादळ झालंय, रस्ते बंद आहेत. सोमवारीही तिचा मोबाईल बंदच. दवाखान्याचा फोन वाजायचा, वाजायचा आणि आपोआप थांबायचा. खांबेट्यांनी सकाळपासून बावीस वेळा लावला. दोह्यातल्या अल हिलालच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सरोजनं दोन दिवस धड चहासुद्धा घेतला नव्हता. सकाळी ते निघताना ती दारात येऊन म्हणाली, “अहो, मेलं आकडे आकडे करून तुम्हीच ओढवून आणलंत हे.” एरवी ते वाद घालायचे. आज त्यांनी नुसती बॅग उचलली, कारण तेही रात्रभर तेच म्हणत होते स्वतःला. मन चिंती ते वैरी न चिंती. आणि खांबेट्यांच्या मनाला तर चिंतायला चौदा पानं छापील मिळाली होती.

दोह्याजवळच्या लुसैलच्या ऑफिसातून ते रोज जहूरच्या गाडीनं घरी यायचे. जहूर ड्राफ्ट्समन, रत्नागिरीकडचा, चाळिशीचा, बोलका. त्या दिवशी पाचला निघाल्यावर खांबेट्यांनी त्याला सगळं सांगितलं. खांबेटे मांडीवर अहवाल उघडून बसले होते आणि तेविसाव्यांदा दवाखान्याचा नंबर फिरवत होते.

“साहेब, फोन लावताय तो कुणाकुणाला?” शेवटी त्यानं विचारलं.

“तिचा मोबाईल, नाहीतर दवाखाना.”

“बस्स? आणि वस्ती दोन हजार म्हणालात ना? ओ साहेब, आमच्या गावाला याच्या दुप्पट वस्ती हाय. तरी आमची म्हातारी शिंकली तर एसटीच्या कंडक्टरला ठाऊक असतं. गावाला विचारा की! कुणालाही लावा.”

“पण तिथं माझ्या ओळखीचं कोण आहे?”

“तुमच्या कशाला? तिच्या ओळखीचं असलं म्हणजे झालं. या कागदावर कोणाचा तरी नंबर असेलच.”

खांबेट्यांनी शेवटचं पान उलटलं. अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ होती: शंका असल्यास काउंटी कचेरीत विचारा. पुढे नंबर. वर्षभर अख्खा अहवाल घोकला, तेवढी ओळ मात्र वाचली नव्हती! तिकडे नुकते सकाळचे आठ वाजून गेले होते. जहूरनं गाडी एका दुकानासमोर बाजूला घेतली.

दुसऱ्याच रिंगला एका बाईनं फोन उचलला. आवाज वयस्क, घाईचा. खांबेट्यांनी इंग्रजीत विचारलं, “तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर… त्या ठीक आहेत का?”

“डॉक्टरांची गाडी रस्त्यापलीकडे दवाखान्यासमोर आहे, बर्फाखाली गाडली गेलीय,” बाई म्हणाली. “डॉक्टर इथे नाहीत.”

चौथं पान, सातवं पान, सगळी पानं एकदम डोळ्यांसमोर आली. जहूरनं त्यांचा खांदा धरला.

“हॅलो? तुम्ही कोण बोलताय?”

“मी तिचा… मी ईराचा बाप. कतारहून बोलतोय.”

मग बाईचा आवाजच बदलला. “अरे देवा, तुम्हीच का ते आकडेवाले वडील?”

बाईनं मग भराभरा सगळं सांगितलं. शनिवारी रात्री तीस मैलांवरच्या एका शेतावर म्हाताऱ्याची छाती दुखायला लागली. ईरा गेली, पण स्वतःच्या गाडीनं नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच तिनं अहवालातलं चौथं पान दवाखान्याच्या भिंतीला डकवलं होतं आणि कचेरीत येऊन भांडली होती, की माझे वडील म्हणतात बर्फात एकटीनं गाडी चालवायची नाही, तेव्हा मला बर्फ काढणाऱ्या ट्रकमधून न्या. तशी लेखी परवानगीच घेतली होती तिनं. त्या ट्रकनंच तिला पोचवलं. पुढे वादळात मोबाईलचा टॉवर पडला. दवाखाना तर बंदच होता, फोन उचलणार कोण? म्हातारा वाचला. ट्रकवाल्याचा आत्ताच वायरलेसवर निरोप आला होता, दोघं परत निघाले आहेत म्हणून.

“त्या रस्त्यावर रविवारी दोन गाड्या खड्ड्यात गेल्या,” बाई म्हणाली. “दोन्ही एकेकट्या माणसांच्या.”

खांबेट्यांना थँक्यू म्हणायचं होतं. त्यांना रडूच फुटलं. जहूरनं फोन घेऊन कशीबशी आभाराची चार वाक्यं जोडली, मग सरोजला कळवलं आणि गाडी अल हिलालकडे दामटली.

पावणेसातला फोन वाजला तेव्हा दोघं नवराबायको टेबलाशी बसले होते. सरोजनं स्पीकर लावला. ईराचा आवाज पार थकलेला.

“आई, मी घरी आले. कचेरीच्या फोनवरून बोलतेय, मोबाईल अजून… घर म्हणजे, कचेरीतच आहे. बाबा आहेत का?”

“आहे,” खांबेटे म्हणाले.

“सॉरी, बाबा. सातवं पान राहिलं होतं ना? वाचा. मी ऐकतेय.”

अहवाल समोरच होता. खांबेट्यांनी सातवं पान उघडलं, चष्मा लावला, आणि पुन्हा काढून ठेवला. सरोज त्यांच्याकडे बघत होती.

“राहू दे ते. खलास, पुरे झालं आता,” ते म्हणाले. “जेवलीस का?”

मग ईरा म्हणाली, “नाही अजून. इथं सूप आहे डब्यातलं.”

“मग गरम कर. मी आहे फोनवर.”

मायक्रोवेव्ह सुरू झाल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. तिचं सूप संपेपर्यंत खांबेटे फोनशी बसून राहिले.