शेंगाचटणीच्या परवान्यावरची पावडर

माझी आई विड्या वळायची. दिवसभर सुपावर वाकून संध्याकाळी तिची बोटं सरळ होत नसत, म्हणून भाकरी आम्ही भावंडंच थापायचो. त्याच बोटांच्या कमाईवर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, फौजदार झालो. हे आधी सांगतो, कारण नोकरीतलं जे प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही, तेही एका विडी कामगार बाईंचंच.

सकाळची हजेरी चालू असताना एक तरुणी प्लॅस्टिकचा डबा घेऊन ठाण्यात आली. तिची आई अतिदक्षता विभागात होती. सांधेदुखीवर ती त्या डब्यातली पावडर चार महिने घेत होती. बोटं मोकळी झाली, पण तोंड सुजून गोल झालं. मुलगी घाबरली आणि तिनं डबा लपवला. चार दिवसांत आईला उलट्या सुरू झाल्या, मग ती कोसळलीच. डॉक्टरांना स्टेरॉइडचा संशय होता; ते रोज घेऊन एकदम बंद केलं, की माणूस असा कोसळतो म्हणे. उपचार सुरू होते, पण पोटात नेमकं काय आणि किती गेलंय, ते त्यांना हवं होतं.

"डबा मीच लपवला की, साहेब," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

डब्यावर 'आहार पूरक' असं छापलेलं, खाली परवाना क्रमांक. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. क्रमांक खरा निघाला, पण शेंगाचटणीचा! शुक्रवार पेठेतल्या एका चटणीवाल्यानं तोच या डब्यावर छापला होता. नमुने घेण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यांचा, म्हणून त्यांना आणि दोन पंचांना घेऊन दुकान गाठलं. नमुने सील झाले. मात्र प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागणार होते, आणि तेवढे दिवस बाईंच्या हातात नव्हते.

मालकाला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, बोलायला गोड. हवालदारानं आवाज चढवला, तसा तो आणखी गोड झाला. "निव्वळ अन्न हाय, साहेब. नाचणी, डिंक, खारकेची पूड."

असा माणूस दरडावल्यानं तोंड उघडत नाही. त्याला त्याच्या मालाची बढाई मारू द्यावी लागते. मी चहा मागवला. म्हटलं, पावडरीला गुण लई आहे म्हणतात, मग याच बाईंना असं कसं झालं?

तो खुलला. "एकदम सोडली असंल. मी समद्यांना बजावतो, सोडायची तर चिमूट चिमूट कमी करा."

मी कप खाली ठेवला. "नाचणी चिमूट चिमूट सोडावी लागती व्हय, मालक?"

हवालदाराला हसू आवरेना. मालकाचा चहा तसाच राहिला. कप बाजूला सारून तो म्हणाला, "चटणी कुटायचं मशीन घरी हाय. गोळ्या बी तितंच हायत."

त्याच्या घरी पंचांसमोर स्टेरॉइडच्या गोळ्यांची पाकिटं जप्त केली. नाव, ताकद आणि डब्यामागं किती गोळ्या कुटल्या, हे सगळं मी तिथूनच डॉक्टरांना फोनवर सांगितलं. मग मुलीला निरोप धाडला, की दोष डबा विकणाऱ्याचा आहे, लपवणारीचा नाही.

त्या प्रकरणानंतर मी कुठलाही डबा हातात घेतला, की परवाना आहे का एवढंच बघत नाही, कशाचा आहे तेही विचारतो. आणि अशी पावडर कुणी घेत असेल, तर ती आपल्या मनानं बंद करू नका, डब्यासकट डॉक्टरांकडे जा, असं सांगतो. त्या बाईंना अडाणी म्हणणारे मला भेटले. मी त्यांना सांगतो, माझ्या आईला ती पावडर मिळाली असती, तर तिनंही घेतली असती. दुसऱ्या दिवशीच्या विड्या वळायच्या होत्या ना.

खटला उभा राहिला. त्या बाई स्वतःच्या पायांनी कोर्टाच्या पायऱ्या चढून साक्षीला आल्या. चटणीवाल्याला शिक्षा झाली.