संस्थापकाला घातलेली शाल

रुसलेल्या माणसाला मनवायला जाताना शाल-नारळ न्यायचा नसतो, हे मला पन्नाशीतही कळू नये! आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात रुसलेला जावई मीच मंडपात परत आणतो, म्हणून तर ही कामगिरी माझ्याकडे आली होती.

रोहणा गावच्या एका इंजिनिअरनं क्रिप्टोचं एक नाणं काढलं होतं. कोड सगळ्यांना खुला, काम सगळं हौशी लोकांचं, फुकट. दुरुस्त्या कोणीही सुचवायच्या, पण त्या तपासून नवी आवृत्ती काढायची ती त्यानंच. एका रविवारी त्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘मी थांबतो.’ दुसरा तपासणारा मिळाला नाही तर नाणं बंद पडणार. म्हणून कारंज्याहून आम्ही तिघं निघालो: एक मास्तर, एक मोबाईल दुरुस्त करणारा आणि ग्रुपचा ॲडमिन मी.

तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होता. मी घाईघाईनं त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. मास्तरांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"बरं केलं काका," तो म्हणाला. "मले वाटलं परत न्याले आले. तुमी तं निरोपच देल्ला."

"नाई रे, न्यालेच आलो..."

"मास्तर, कोड कधी उघडून पाह्यला?"

मास्तर शेंगा सोलायला लागले.

"अन् काका, तुमी काय करून राह्यले इतके दिवस?"

"ग्रुपवर शिस्त ठेवून राह्यलो ना मी!"

तो इतका हसला की त्याची आई बाहेर येऊन बघून गेली. "लोकं मले शिव्या देत होते तवा कोठी गेलती शिस्त? तुमी तं गुड मॉर्निंगचे फुलं टाकत होते." मग त्यानं शालीची नीट घडी घातली. "कोडचा पासवर्ड देतो. कोनाले देऊ?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

परतताना कारंज्याच्या ढाब्यावर चहा घेतला. माझा फोन वाजला. मास्तरांनी ग्रुप सोडला होता. मास्तर समोरच बसून बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. मोबाईलवाला हात धुवायला म्हणून उठला आणि तिकडूनच सुटला.

घरी बायकोला म्हणालो, "आता मीच शिकतो. कोनीतरी चालवलं पायजे."

"शाल माह्या भावानं देल्ली होती," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "अन् त्या इंजिनिअरले मनवाले तिघं तरी गेलते. तुमी सोडसान तवा दारात कुत्रंई येनार नाई. मंग आताच सोडा ना."