दादाने बसवलेला रेडिएटर

मिल बंद झाली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि दादा सत्तेचाळीसचा. दोघं एकाच कापडमिलमध्ये. मी लूमखात्यात फिटर, तो बॉयलरवर. एका सकाळी गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस. मी तीनएक महिने वाट पाहिली आणि शहरातल्या पोलोग्राउंड भागात एका गॅरेजात नोकरी धरली. लूमचे गिअर काय आणि मोटारीचे काय, हात बसायला फारसा वेळ लागला नाही.

दादाने मात्र दुसरं काम शोधलंच नाही. "मिल उघडणार," तो म्हणायचा. "आणि उघडली की सगळ्यात आधी बॉयलरवाला लागतो. वाफेशिवाय काय चालतं रे?" रोज सकाळी दाढी करून, खाकी शर्ट घालून तो ओसरीत खुर्ची टाकून बसायचा. सुरुवातीला बरोबरचे लोक यायचे, बातम्या सांगायचे. मग कुणी भाजीची गाडी लावली, कुणी टेम्पोवर गेलं, कुणी गावी परतलं. येणारे कमी झाले. दादाचं बोलणंही कमी झालं. अशी दीड वर्षं गेली.

एकदा वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, दिवसाकाठी चार शब्द बोलत नाहीत हो ते. तुमच्या गॅरेजात न्या ना कधी. काम नसलं तरी चालेल, चार माणसांत बसतील."

मी हो म्हणालो, पण दादाला कसं विचारावं ते कळेना. नुसतं बसायला चल म्हटलं असतं तर तो आला नसता.

त्याच सुमारास गॅरेजात ती गाडी आली. जुनी विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, उघड्या टपाची, गडद हिरवी. गाडीचे मालक सत्तरीचे होते, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांचे वडील संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर होते आणि गाडी त्यांचीच. मुलगा परदेशात, गाडी सांभाळायला कुणी नाही, म्हणून साहेबांनी ती विकायचं ठरवलं होतं. पण त्याआधी त्यांना ती एकदा शहराबाहेरच्या हातोद गावापर्यंत चालवायची होती. लहानपणी वडील रविवारी त्यांना त्या रस्त्याने फिरवत.

इंजिन आम्ही सुरू केलं. अडचण रेडिएटरची होती. मूळचा आतून पार सडलेला. एक जागा झाळून बुजवली की दुसरीकडून पाणी गळायचं. साहेबांनी कुठून तरी दुसऱ्या गाडीचा रेडिएटर मिळवून आणला, तर तो उंचीला जास्त. बॉनेट चार बोटं उघडंच राहायचं. पुढे सरकवला तर गाडीच्या तोंडावरच्या जाळीला अडायचा, मागे घेतला तर पंख्याची पाती घासायची. आमच्या गॅरेजवाल्याने हात झटकले. "भिया, ये नी बैठेगा," तो मला म्हणाला. "नाही बसायचा हा. साहेबांना सांगून टाक."

मी म्हणालो, "एक दिवस थांबा. माझ्या भावाला दाखवतो."

त्या संध्याकाळी मी दादाला फक्त अडचण सांगितली. त्याने मान वर केली. "वरची टाकी पितळेची आहे?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "मग ती कापून बुटकी करता येईल. जाळी किती उंच आहे, मोजलीस?" मी मोजली नव्हती. "काय फिटर आहेस तू!" दीड वर्षात तो मला पहिल्यांदाच रागावला होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी तयार होता. गॅरेजात गेल्यावर त्याने कुणाशी ओळख करून घेतली नाही, सरळ बॉनेटखाली वाकला. दुपारपर्यंत नुसतं मोजत होता. मग टाकीचा टाका ब्लो-लॅम्पने वितळवून ती सोडवली, कडेची पट्टी कापली, पितळ घासून लखलखीत केलं आणि परत झाळ दिली. त्याचा हात जराही हलत नव्हता. रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून त्याने नळीतून तोंडाने हवा फुंकली आणि आम्ही सगळे बुडबुडा दिसतो का बघत वाकलो. एका कोपऱ्यात एकच बुडबुडा आला. त्याने तेवढा टाका पुन्हा सोडवून परत भरला.

टाकी बुटकी झाली, तरी रेडिएटर ज्यांवर टेकतो त्या पट्ट्या किती खाली घ्यायच्या हे कळत नव्हतं, कारण बॉनेट मिटल्यावर आत दिसणार कसं? दादाने तिसऱ्या दिवशी घरून डब्यात कणकेचा गोळा आणला. वहिनीला वाटलं, तिथेच पोळ्या भाजणार की काय. त्याने सुपारीएवढ्या चार गोळ्या केल्या, रेडिएटरच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्या आणि बॉनेट हलकेच दाबून मिटलं. उघडलं तर तीन गोळ्या थोड्या चेपलेल्या आणि चौथी कागदासारखी पातळ. "इथं घासतंय," तो म्हणाला. त्या बाजूची पट्टी त्याने खाली घेतली, खाली रबराचे तुकडे घातले, वरचा पाईप तिरका कापून जोडला. पाचव्या दिवशी बॉनेट बसलं. खटका लागल्याचा आवाज आला आणि गॅरेजवाला ओरडला, "अरे वा उस्ताद!"

दादा हसला. हात पुसताना माझ्याकडे पाहून म्हणाला, "मिल उघडली तरी रविवारी येत जाईन इथं."

साहेब रविवारी सकाळी आले. गाडी दोघांचीच. ते दादाला म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही बसा शेजारी. पाण्याकडे लक्ष ठेवा." दादा नको नको म्हणत होता. मीच त्याला दंडाला धरून बसवलं. गाडी निघाली तेव्हा त्याने मुंबईला निघाल्यासारखा हात हलवला.

दोन तासांत येणार होते. चार तास झाले. मला वाटलं, टाका सुटला. एकदाची गाडी आली, पण दादा माझ्याकडे न बघता उतरला आणि आत जाऊन पाण्याच्या माठाशी उभा राहिला.

साहेबांनी मला हळू आवाजात सांगितलं. हातोदला जाऊन येईपर्यंत सगळं छान होतं. दादा वाटेत बॉयलरबद्दल बोलत होता. परतताना साहेब म्हणाले, तुम्हाला गाडीतून कुठं फिरवू? दादा म्हणाला, मिलसमोरून चला.

"गेट उघडं होतं," साहेब म्हणाले. "सताड उघडं. ते पाहिलं आणि हे गाडीत उभेच राहिले. मला म्हणाले, साहेब, उघडली! मिल उघडली! चालत्या गाडीतून उतरतील म्हणून मी ब्रेक मारला."

मिल उघडली नव्हती. आत गॅसकटर चालू होते. भंगारवाल्यांचे ट्रक एकामागून एक बाहेर येत होते. लूमच्या चौकटी, शाफ्ट, पुल्या. एका ट्रकवर बॉयलरचे पत्रे होते, केळीच्या सोपटांसारखे कापून एकावर एक टाकलेले. दादाने ट्रकवाल्याला थांबवून पत्र्यावर कोरलेला बॉयलरचा नंबर वाचला. मग फुटपाथवर बसून राहिला. साहेब दीड तास त्याच्याशेजारी बसून होते.

घरी जाताना मी सायकलवरून उतरून त्याच्याबरोबर चालत होतो. परदेशीपुऱ्याच्या चौकात तो थांबला. तिथे म्हणाला, "नंबर आपलाच होता."

तो गॅरेजात परत आला नाही. गॅरेजवाल्याने दोनदा निरोप धाडला, एकदा स्वतः घरी आला. दादाने त्याला चहा पाजला आणि हात जोडले. त्यानंतर महिनाभराने तो एका शाळेत पंप चालवायला लागला. बटण दाबायचं, टाकी भरली की बंद करायचं. ते काम त्याने चार वर्षं केलं. त्या चार वर्षांत शहर बदलत होतं, रस्त्यावर नव्या नव्या गाड्या येत होत्या, आणि मी त्यांचं काम शिकत होतो. घरी येऊन दादाला सांगायचो. तो ऐकायचा, पण त्याने कधी एकही प्रश्न विचारला नाही.

कोळशाच्या धुराने त्याची छाती आधीच गेलेली होती. शेवटी दवाखान्यात ठेवलं तेव्हा एका दुपारी आम्ही दोघंच होतो. इतकी वर्षं मनात डाचत होतं ते मी बोलून टाकलं.

"दादा, मी तुला त्या गाडीत बसवायला नको होतं."

त्याने छताकडे पाहिलं.

"तू नसतं बसवलंस," तो धापा टाकत म्हणाला, "तर मी अजून वाट बघत बसलो असतो. ते वाट बघणंही बरंच होतं रे."

मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली. तेवढ्यात वहिनी मोसंबीचा रस घेऊन आली आणि आम्ही त्याला उठवून बसवलं. त्याने दोन घोट घेतले. त्यानंतर तो चार दिवस होता, पण माझ्याशी ते शेवटचंच बोलला.