क्लबातला गॅफर, कॉलेजची मुलं

ब्रिस्टलच्या एका कॉलेजात फुटबॉल कोचच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाला, तेव्हा क्रीडाविभागाच्या प्रमुख बाईंनी एकच प्रश्न मला दोनदा विचारला. व्यावसायिक क्लबातून आलेली माणसं कॉलेजात टिकत नाहीत, तुम्ही कसे टिकणार? मला राग आला. मी कोल्हापूरचा, तालमीच्या फुटबॉल संघात खेळून वाढलेला. पुढे मुंबईत एका व्यावसायिक क्लबात आठ वर्षं कोच होतो. बायको डॉक्टर, तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. पगारी, मुरलेले खेळाडू हाताळलेल्या माणसाला सतरा वर्षांची पोरं जड जातील? बाईंना तसं तोंडावर म्हणालो नाही, एवढंच. नोकरी मिळाली.

सुरुवातीचे दोन महिने झोकात गेले. पोरं मला गॅफर म्हणायची, इथल्या बोलीत संघाचा बॉस, आणि मी सांगेन ते करायची. ओळीनं चार सामने जिंकलो. घरी मी बायकोला ऐकवायचो, "बघ, टिकतोय की नाही." ती म्हणायची, "इतक्यात उड्या मारू नकोस."

कॉलेजांचे सामने बुधवारी दुपारी असतात. नोव्हेंबरातल्या अशाच एका बुधवारी आम्ही तासाभरावरच्या गावी गेलो. चौदा मुलं, मी आणि मीच चालवत असलेली मिनीबस. दुसऱ्या हाफची दहा मिनिटं झाली असतील. बचावफळीतला आमचा सेंटर-बॅक, अबोल पण भरवशाचा मुलगा, हेडरसाठी उडाला आणि त्याचं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. आवाज मला मैदानाच्या कडेला, टचलाइनवर ऐकू आला. तो आडवा झाला, मग उठून बसला.

मी डावीकडे बघितलं. आठ वर्षांची सवय. क्लबात माझ्या डाव्या हाताला फिजिओ असायचा. तो धावत जायचा, तपासायचा, आणि त्याची मान आडवी हलली की खेळाडू बाहेर, मग मी कितीही आदळआपट करो. "खेळशील का?" असं मीही ओरडून विचारायचो, पण त्या उत्तराला कुणी किंमत देत नसे. सगळेच हो म्हणतात. संघातली जागा कोण सोडेल? त्या दिवशी डावीकडे पाण्याच्या बाटल्या होत्या आणि प्रथमोपचाराची पिशवी. तरी मी तोच प्रश्न विचारला.

"खेळशील का?"

"येस, गॅफर."

आणि मी ते उत्तर खरं धरून चाललो. तो पुढे पस्तीस मिनिटं खेळला. आम्ही एक-शून्यनं जिंकलो.

परतताना तो माझ्या शेजारच्या सीटवर होता. "आपण जिंकलो का?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मागची मुलं हसली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही. मग तो स्वतःच्या मांडीवर ओकला.

गाडी कडेला घेऊन मी बायकोला फोन लावला.

"कॉन्शस आहे ना? डोळ्यांचे प्युपिल्स बघ, दोन्ही सेम आहेत का?"

अंधारात मला काही कळेना.

"डोक्याला लागल्यावर लगेच बाहेर घेतलंस ना त्याला?"

मी आरशात मागच्या मुलांकडे बघितलं.

"अरे, बोल ना."

"नाही."

"हॉस्पिटल किती लांब आहे?"

"दहा मिनिटं."

"मग तिथे थांबू नकोस. स्ट्रेट ए अँड ईला, इमर्जन्सीत ने, आणि त्याला बोलतं ठेव."

ती दहा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. मी त्याला बहिणीचं नाव विचारलं. त्याला आठवेना. हा गेला तर? एवढंच डोक्यात घुमत होतं. खोटं कशाला बोलू, नोकरीचाही विचार आला, आणि तो आल्याची लाज वाटली. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली, "बसमध्येच थांबा, आलोच," असं मागे ओरडून सांगितलं आणि त्याला धरून आत नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, मार लागल्यावर किती वेळ खेळला?

"मी लगेच बाहेर आलो," मुलगा म्हणाला.

त्याला खरंच आठवत नव्हतं, का तो मुद्दाम मला वाचवत होता, हे मला आजही ठाऊक नाही. "पस्तीस मिनिटं," मी म्हणालो. "मी खेळवलं."

त्याला स्कॅनला नेलं. त्याची आई सुपरमार्केटचा युनिफॉर्म न बदलताच धावत आली. आम्ही शेजारी बसून राहिलो. शेवटी डॉक्टर सांगायला आले, डोक्यात रक्तस्राव नाही, पण आज ठेवून घेऊ. आईनं तोंड ओंजळीत झाकलं. नंतर माझ्याकडे वळून विचारलं, "त्याला परत मैदानात कुणी पाठवलं?"

"मी. तो म्हणाला, खेळतो." हे दुसरं वाक्य मी जोडायला नको होतं.

"तुम्ही विचारलंत तर तो हो म्हणणारच," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग तिनं विचारलं, "बाकीची मुलं कशी गेली घरी?"

दोन तास होऊन गेले होते. क्लबात बसला ड्रायव्हर असायचा, माणसं मोजायला मॅनेजर असायचा. मी धावत सुटलो.

मिनीबसच्या काचा आतून श्वासानं पांढऱ्या झाल्या होत्या. दार उघडलं. तेराही जण चिखलाच्या किटमध्ये, थंडीत कुडकुडत बसले होते. त्यातला एक लघवी रोखून पार अवघडला होता.

"अरे, उतरून आत का नाही गेलास?"

"तुम्ही थांबा म्हणाला होतात, गॅफर."

तो गेला, परत आला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मी सांगेन ते ही पोरं करणार होती, आणि मला अडवायला डावीकडे कुणीच नव्हतं. बराच वेळ किल्ली फिरवायचं मला धाडस झालं नाही.