भिंतीवरची दुसरी रेघ

प्लायवर माझा विश्वास नव्हता. आमच्या न्हाणीघराचं दार वर्षभरात पापडासारखं फुगलं होतं. त्यामुळे हिंगणीच्या घरात नवा ओटा करायचं ठरलं आणि ग्रॅनाइटच्या खाली प्लाय बसेल असं सुतारानं सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"पाण्यानं काई होत नाई याले, ताई," तो म्हणाला.

दाराच्या वेळीही कुणीतरी हेच म्हणालं होतं.

वर्ध्याच्या दुकानात जाऊन प्लाय मी स्वतः निवडला. पण माल घरी आला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. परतले तर शीट भिंतीला टेकवून ठेवलेल्या, कंपनीच्या शिक्क्याची बाजू नेमकी भिंतीकडे. एक ओढून बघायला गेले, तर सुतार म्हणाला, "अंगावर पडन ताई, राहू द्या." का म्हणून राहू द्या? कापून उरलेला एक तुकडा मी गुपचूप उचलला आणि मोरीतल्या बादलीत बुडवून वर दगड ठेवला.

नवरा सकाळीच सेलूला दुकानावर जातो, मी शाळेत. घरी उरतात सासूबाई. त्यांना मी बजावलं होतं, "आई, तो काय वापरतो ते बघत राहा." त्या "व्हय" म्हणाल्या.

तुकडा फुगला नाही. नखानं टोकरून पाहिलं, थरही सुटले नाहीत. पण तोवर मला दुसरंच काही जाणवायला लागलं होतं. मी घरात पाऊल टाकलं की स्वयंपाकघरातलं बोलणं थांबायचं. सुतार घाईनं टेप गुंडाळायचा. आणि सासूबाई, कधी नव्हे त्या, त्याला दुसऱ्यांदा चहा द्यायच्या, तोही अद्रक घालून.

ओट्याची उंची मी पहिल्याच दिवशी ठरवून दिली होती. भिंतीशी उभी राहून कोपर वाकवलं, त्याच्या जरा खाली सुतारानं पेन्सिलनं रेघ मारली. मी उंच आहे. जुन्या ओट्यावर वाकून वाकून माझी कंबर धरायची.

एका दुपारी आले तर खालच्या कपाटांचे खोके उभे होते, त्यांवर प्लाय स्क्रूनं आवळलेला, सिंकची जागा कापलेली. काम सुरेख दिसत होतं. पण मी ओट्यापाशी उभी राहिले आणि हात टेकवायला गेले, तर हाताखाली काहीच नव्हतं. माझी रेघ ओल्या फडक्यानं पुसली होती, नीट पाहिल्यावर तिची फिकट खूण दिसली. दुसरी रेघ चांगली चार बोटं खाली होती आणि प्लाय तिच्यावर बसला होता.

"हा खाली काऊन घेतला?"

"लेव्हल पाहून केलं, ताई."

"लेव्हल नाही, मी उंची विचारून राहिले."

त्यानं माझ्या मागे बघितलं. दारात सासूबाई उभ्या होत्या.

"त्याले नको बोलू. म्या सांगतलं."

"मला न विचारता?"

"इचारलं असतं त तू व्हय म्हणली असती, अन् मंग मनात ठेवलं असतं."

मला राग आला. सुतारावर लक्ष ठेवायला मी ज्यांना सांगितलं, त्यांनाच माझा भरवसा नव्हता.

"दिवसभर इथं कोन राह्यते?" त्या म्हणाल्या. "तुह्या रेघीपाशी उभी राहून पायलं म्या. पोया लाटाले खांदे वर करा लागते मले."

त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या रेघेची खूण त्यांच्या छातीच्या जवळ येत होती. मग वाद घालायला फारसं काही उरलं नाही. गॅसची बाजू त्यांच्या उंचीवर राहिली आणि सिंकची माझ्या. "दगडाले जोड येईन पाहा," असं कुरकुरत सुतारानं सिंककडचे स्क्रू काढले, प्लाय कापला आणि खाली पट्ट्या देऊन तेवढा भाग उचलला. ग्रॅनाइटला मधे पायरी आली. ओटा पुसताना कचरा तिथे अडकतो.

सुतार गेल्यावर मी विचारलं, "आई, आणखी काही सांगितलंत का त्याला?"

"नाई," म्हणत त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

आठवड्याभरानं भिंतीवरचं कपाट बसलं. मसाल्याच्या डब्यांची फळी बरोबर त्यांच्या हाताला येईल अशी होती. मी डबे त्या फळीवर लावले. पण आता घरी मिस्त्री यायचा असला, की मी शाळेत रजा टाकते.