वहिनीचे लाल डोळे

सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत, पण ती होती जनावरांची डॉक्टर. पक्ष्यांची साथ माणसांत शिरू नये म्हणून आसपासची खुराडी पालथी घालणं हे तिचं काम. "बाई कोंबडीची नाडी बघतात," असं लोक म्हणायचे. तीही हसायची.

त्या सकाळी थोरल्या भावाचा फोन आला. "जरा येऊन जा. कुणाला बोलू नकोस."

तिनं भावाच्या पोल्ट्रीचं दार उघडलं. एरवी कलकलाटानं कान किटायचे, आज नुसती घरघर. कोपऱ्यात मेलेल्या कोंबड्यांचा ढीग. उरलेल्यांचे तुरे निळे पडलेले.

"उकाड्यानं झालं असेल," दादा म्हणाला. "एखादं औषध दे. उद्या गाडी येतेय, माल जाऊ दे, मग बघू."

"गाडी येता कामा नये, दादा."

"म्हणजे सख्खी बहीणच पोटावर पाय देणार?"

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. वहिनी दाराला टेकून उभी होती, डोळे लालबुंद.

"कालपासून ताप आहे गं. अंग नुसतं ठणकतंय."

"कोंबड्या कोणी उचलल्या?"

"मीच. आणखी कोण उचलणार?"

वहिनीचे हात उघडे होते. डॉक्टरीणबाईनं वहिनीला मास्क दिला आणि सरकारी कचेरीत कळवायला फोन काढला. दादानं तिचं मनगट धरलं.

"फोन लावलास तर तुझा-माझा संबंध संपला."

"संबंधाचं मी बघते," वहिनी धापा टाकत म्हणाली. "तू लाव."

दुपारी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. उरलेल्या कोंबड्या मारून पोल्ट्री रिकामी केली, वहिनीला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं, दादाला घरात कोंडलं. कोंबड्यांच्या आणि वहिनीच्याही तपासणीत साथ निघालीच. त्या दिवसांत फोन वाजला की डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून धावायची. आपण कोंबड्या वाचवल्या नाहीत, आता वहिनीही जाते की काय? पण ताप उतरला. दादाला काही झालं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही नाही.

दादानं मात्र अबोला धरला. पुढं नवी पिल्लं आणायची ठरली, तेव्हा फोन वहिनीनंच केला.

"हातमोजे कुठले आणायचे, असं हे विचारताहेत. स्वतः विचारायला तोंड दुखतंय."

मागून दादाचा आवाज आला, "लांब बाह्यांचे हवेत का, तेही विचार!"